पृष्ठवंशीय प्राण्यांचे मुख्य गट : नाव आणि लक्षण

१. उद्दिष्टे

विद्यार्थिमित्रांनो, या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस पुढील गोष्टी करता येतील.

• पृष्ठवंशीय प्राणी म्हणजे काय, हे थोडक्यात सांगता येईल.
• मत्स्य, उभयचर, सरीसृप, पक्षी आणि सस्तन या गटांची निर्णायक लक्षणे सांगता येतील.
• प्राण्याचे मराठी नाव आणि त्याचा शास्त्रीय गट यांत कोठे मेळ बसतो व कोठे बसत नाही, हे ओळखता येईल.
• प्राण्यांविषयीची बातमी, लेख किंवा अनुवाद करताना योग्य शब्दाची निवड करता येईल.

२. प्रास्ताविक

मराठीच्या अभ्यासक्रमात प्राणिशास्त्राचा हा घटक कशासाठी, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर आपल्या भाषेतील प्राणिनामांतच आहे. आपण देवमासा म्हणतो, पण तो मासा नाही. खवले मांजर म्हणतो, पण ते मांजर नाही. तारामासा हाही मासा नव्हे. त्याला तर पाठीचा कणासुद्धा नाही. वटवाघळाला अनेक ठिकाणी पाखरू समजतात, तर देवगांडुळाला कोणी गांडूळ म्हणतो आणि कोणी साप. ही नावे चुकीची आहेत, असे मात्र समजू नये. लोकभाषा प्राण्याला नाव देते ती त्याचे रूप, वावर आणि उपयोग पाहून. शास्त्र गट ठरवते ते शरीररचना, प्रजनन आणि वंशसंबंध पाहून. दोन्ही रीती आपापल्या जागी योग्य आहेत. घोटाळा होतो तो एका रीतीचे नाव दुसऱ्या रीतीचा पुरावा म्हणून वापरल्यावर.

असा घोटाळा केवळ शब्दांपुरता राहत नाही. साप समजून निरुपद्रवी सापसुरळी मारली जाते. किनाऱ्यावर आलेल्या व्हेलला मासा समजले, तर तिला मदत करण्याची पद्धतच चुकते. म्हणून भाषेचे काम करणाऱ्याने, मग तो शिक्षक असो, वार्ताहर असो वा अनुवादक, नावामागचा प्राणी ओळखला पाहिजे.

३. विषय-विवेचन

३.१ पृष्ठवंशीय म्हणजे कोण?

पृष्ठवंश म्हणजे पाठीचा कणा. लहान लहान मणक्यांची साखळी होऊन तो बनतो आणि त्याच्या आत चेतारज्जू सुरक्षित राहतो. मेंदूभोवती कवटी असते. असा कणा व कवटी असलेले प्राणी ते पृष्ठवंशीय. कोळंबी, खेकडा, माकूल, जेलीफिश, तारामासा यांना कणा नसतो. कोळंबी आणि खेकडा मासळीबाजारात मिळतात व बाजाराच्या भाषेत ती मासळीच असते. तेथे तो शब्द योग्यच आहे. शास्त्रीय लेखनात मात्र ते मासे ठरत नाहीत.

आज ज्ञात असलेल्या पृष्ठवंशीय प्राण्यांच्या जातींपैकी जवळपास निम्म्या माशांच्या आहेत. माशांच्या सुमारे ३६,०००, सरीसृपांच्या सुमारे १२,०००, पक्ष्यांच्या सुमारे ११,०००, उभयचरांच्या ८,००० हून अधिक आणि सस्तन प्राण्यांच्या सुमारे ६,५०० जाती नोंदवलेल्या आहेत. नव्या जातींची भर पडत असल्याने हे आकडे बदलत राहतात.

याखेरीज चक्रमुखी हा एक लहानसा गट आहे. लॅम्प्रे आणि हॅगफिश हे त्यातील प्राणी होत. त्यांना जबडा नसतो, पोहण्यासाठी पंखांसारखे जोडीने असणारे पर नसतात आणि अंगावर खवलेही नसतात. आपल्या नित्य परिचयात ते येत नाहीत, म्हणून त्यांचा येथे एवढाच उल्लेख पुरेसा आहे.

३.२ मत्स्य

माशाची ओळख तीन गोष्टींनी पटते : पाण्यात विरघळलेला प्राणवायू घेणारे कल्ले, पोहण्यासाठी पर आणि दोन कप्प्यांचे हृदय. बहुतेक माशांच्या अंगावर खवले असतात. पण सर्वांच्या नसतात. म्हणून खवले हे एकट्याने निर्णायक लक्षण धरता येत नाही.

माशांचे दोन मोठे विभाग आहेत. बांगडा, सुरमई, पापलेट, रोहू यांचा सांगाडा हाडांचा असतो आणि कल्ल्यांवर एक झाकण असते. हे अस्थिमत्स्य. मुशी आणि पाकट यांचा सांगाडा मऊ कूर्चेचा असतो. त्यांच्या कल्ल्यांवर झाकण नसते आणि कल्ल्यांच्या फटी, बहुतेकदा पाच, बाहेरून स्पष्ट दिसतात. हे कास्थिमत्स्य. मासळी घेताना मुशी व बांगडा शेजारी शेजारी ठेवून पाहिल्यास हा फरक आपल्या सहज लक्षात येईल.

या गटात रूपाने चकवणारे प्राणी बरेच आहेत. वाम सापासारखी लांबट असते. पण तिला कल्ले असतात आणि पाठीवरून शेपटीपर्यंत गेलेला पर असतो, म्हणून ती मासा. समुद्रघोड्याचे तोंड घोड्यासारखे दिसले तरी तो कल्ल्यांनीच श्वास घेतो, म्हणून तोही मासा. कोकणातील खाड्यांच्या चिखलात उड्या मारत चालणारी निवटी पाण्याबाहेर बराच वेळ राहू शकते. कल्ल्यांच्या पोकळीत धरून ठेवलेले पाणी आणि ओलसर त्वचा यांच्या साहाय्याने ती श्वसन करते. जमिनीवर वावरली तरी ती उभयचर ठरत नाही; तिचे पर आणि कल्ले तिला मत्स्यगटातच ठेवतात. प्राणी कोठे राहतो यावरून त्याचा गट ठरत नाही, हा या घटकातील पहिला महत्त्वाचा नियम होय.

३.३ उभयचर

बेडूक, भेक, सॅलॅमँडर आणि देवगांडूळ हे उभयचर होत. त्यांची त्वचा ओलसर व नितळ असते आणि तिच्यातूनही श्वसन चालते. हृदयाला तीन कप्पे असतात. अंड्यांना कवच नसते. म्हणून ती पाण्यात किंवा दमट जागी घालावी लागतात. बेडकाच्या अंड्यातून बाहेर पडते ते पिल्लू कल्ल्यांनी श्वास घेते, शेपटीने पोहते आणि पुढे रूपांतर होऊन बेडूक बनते. या पिल्लाला मराठीत बेडूकमासा म्हणतात. नाव देणाऱ्याने त्याची माशासारखी अवस्था नेमकी हेरली आहे. सह्याद्रीतील काही झुडपी बेडकांत मात्र बेडूकमाशाची ही मोकळी अवस्था नसतेच. वाढ अंड्यातच पूर्ण होऊन थेट चिमुकला बेडूक बाहेर येतो.

देवगांडूळ हा या गटातील सर्वांत दुर्लक्षित प्राणी. त्याला पाय नसतात, अंगावर कड्यांसारख्या खुणा असतात आणि तो ओल्या मातीत, पालापाचोळ्याखाली राहतो. पश्चिम घाटात त्याच्या अनेक जाती आढळतात. पावसाळ्यात तो वर आला की साप समजून मारला जातो. तो ओळखावा कसा? गांडुळाला जबडा नसतो, कणा नसतो. देवगांडुळाला दोन्ही असतात आणि तोंडात दातही असतात. सापाच्या अंगावर कोरडे, एकावर एक बसलेले खवले स्पष्ट दिसतात. देवगांडुळाची त्वचा ओलसर, गुळगुळीत व कड्यांची असते. डोळे इतके लहान की ते चटकन दिसत नाहीत. उभयचरांची त्वचा पातळ असल्याने पाण्यातील व मातीतील विषारी द्रव्ये त्यांच्या शरीरात लवकर शिरतात. म्हणूनच या गटातील प्राणी परिसराच्या बिघाडाची सूचना देणारे मानले जातात.

३.४ सरीसृप

सरपटणारा तो सरीसृप, हा शब्दाचा अर्थ झाला. गटाचे लक्षण मात्र सरपटणे हे नाही. कासव आणि मगर पायांवर चालतात. या गटाची निर्णायक लक्षणे अशी : कोरडी, खवल्यांची किंवा ढालींची त्वचा, आयुष्यभर फुप्फुसांनी श्वसन, आणि कवच असलेले अंडे, जे पाण्याबाहेर टिकते. हे अंडे म्हणजे पृष्ठवंशीयांच्या इतिहासातील फार मोठा टप्पा होय. अंड्यातच गर्भाभोवती द्रवाची पिशवी आली आणि प्रजननासाठी पाण्यात परत जाण्याची गरज संपली. कोकणच्या किनाऱ्यावर येणारी ऑलिव्ह रिडले कासवे सारे आयुष्य समुद्रात घालवतात. तरी अंडी घालण्यासाठी मादीला वाळूवरच यावे लागते, कारण ती अंडी पाण्यात जगत नाहीत. वाळूच्या तापमानावर पिल्ले नर होणार की मादी, हे ठरते. अधिक उष्ण वाळूत माद्या अधिक होतात.

हृदय बहुतेक सरीसृपांत तीन कप्प्यांचे असते व त्यातील एक कप्पा अर्धवट विभागलेला असतो. मगरीचे हृदय मात्र पूर्ण चार कप्प्यांचे असते. अंडे घालण्याच्या नियमालाही अपवाद आहेत. नाग अंडी घालतो. घोणस मात्र पिल्लांना जन्म देते. केवळ पिल्ले जन्माला घालते म्हणून घोणस सस्तन ठरत नाही, कारण ती पिल्लांना दूध पाजत नाही.

या गटात अचूक ओळख विशेष महत्त्वाची ठरते. पुढील तीन उदाहरणे लक्षात ठेवावीत.

(अ) सापसुरळी : तकतकीत अंगाचा हा सरड्यांचा नातेवाईक. बारीकसे चार पाय, उघडझाप करणाऱ्या पापण्या आणि कानाचे छिद्र या खुणा त्याला सापापासून वेगळे करतात. सापाला पापण्या नसतात आणि बाहेरून कानाचे छिद्रही नसते. सापसुरळी विषारी आहे ही समजूत निराधार आहे.

(आ) मांडूळ : याची शेपटी बोथट असल्याने त्याला दुतोंड्या म्हणतात. त्याला तोंड एकच असते आणि तो बिनविषारी साप आहे. गुप्तधनाशी त्याचा संबंध जोडणाऱ्या अंधश्रद्धेमुळे त्याची चोरटी विक्री होते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार त्यास संरक्षण आहे. दुतोंड्या हे नाव छापताना या नावाने किती मांडुळांचा जीव धोक्यात आणला, याचे भान लेखकाने ठेवावे.

(इ) समुद्रसर्प : वल्ह्यासारखी चपटी शेपटी असलेला हा साप जाळ्यात वामेसारखा दिसतो. त्याला कल्ले नसतात, पर नसतात. श्वास घेण्यासाठी तो पाण्याच्या पृष्ठभागावर येतो. तो विषारी असल्याने हा फरक कोळी बांधवांच्या जिवाशी निगडित आहे.

येथे एक सूचना आवश्यक आहे. सर्पदंश झाल्यास साप ओळखण्यात, तो शोधण्यात किंवा मारण्यात वेळ घालवू नये. रुग्णाला न चालवता, दंश झालेला अवयव स्थिर ठेवून ताबडतोब रुग्णालयात न्यावे. भारतात वापरली जाणारी सर्पविषरोधक लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर चालते. प्राण्यांची ओळख शांतपणे शिकण्याची बाब आहे. संकटाच्या वेळी उपचार आधी.

३.५ पक्षी

पक्ष्यांचा गट ओळखण्यास सर्वांत सोपा आहे. आज जिवंत असलेल्या प्राण्यांत पिसे केवळ पक्ष्यांनाच असतात. पिसे असतील तर तो पक्षी. नसतील तर, तो कितीही उंच उडो, पक्षी नव्हे. उडणे हे लक्षण नाही : शहामृग आणि पेंग्विन उडत नाहीत, तरी ते पक्षी आहेत. चोचीत दात नसतात, बहुतेक हाडे पोकळ व हलकी असतात, हृदय चार कप्प्यांचे असते आणि अंड्याचे कवच टणक असते. पक्षी उष्णरक्ती आहेत, म्हणजे बाहेर थंडी असो वा ऊन, शरीराचे तापमान ते जवळपास स्थिर राखतात. मत्स्य, उभयचर आणि सरीसृप यांना शीतरक्ती म्हणतात. याचा अर्थ त्यांचे रक्त नेहमी थंड असते असा नाही; त्यांचे तापमान सामान्यतः परिसराप्रमाणे बदलते, एवढाच आहे. सकाळी सरडा दगडावर ऊन घेत बसतो, तो यासाठीच.

३.६ सस्तन

‘सस्तन’ या शब्दातच गटाचे लक्षण सामावलेले आहे. पिल्लाला दूध पाजणे आणि अंगावर केस असणे ही या गटाची दोन निर्णायक लक्षणे. याशिवाय छाती व पोट यांच्यामधील श्वासपटल, मध्यकर्णातील तीन लहान हाडे आणि चार कप्प्यांचे हृदय ही अंतर्गत लक्षणे आहेत. बहुतेक सस्तन प्राणी पिल्लांना जन्म देतात. ऑस्ट्रेलियातील प्लॅटिपस आणि तेथील व न्यू गिनीतील एकिड्ना अंडी घालतात. पण अंड्यांतून आलेल्या पिल्लांना दूध पाजतात, म्हणून तेही सस्तनच.

वटवाघळाचा पंख पिसांचा नसतो. त्याच्या हाताची लांब वाढलेली बोटे आणि त्यांच्यामध्ये ताणलेली त्वचा मिळून तो बनतो. अंगावर केस असतात आणि मादी पिल्लाला दूध पाजते. खवले मांजराचे खवले केराटिन या द्रव्याचे असतात. आपली नखे व केसही त्याच द्रव्याचे असतात. त्याच्या पोटावर केस असतात, दात मात्र नसतात. लांब चिकट जिभेने ते मुंग्या व वाळवी खाते. खवल्यांसाठी होणाऱ्या शिकारीमुळे ते धोक्यात आले आहे आणि कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्याचा समावेश आहे.

आता देवमाशाकडे वळू. हा प्रश्न जुना आहे. ॲरिस्टॉटलला डॉल्फिन हवेतून श्वास घेतो आणि पिल्लाला दूध पाजतो, हे माहीत होते. तरीही कार्ल लिनियसने १७३५ मध्ये आपल्या वर्गीकरणात व्हेल माशांतच ठेवली. १७५८ च्या दहाव्या आवृत्तीत तिला सस्तन गटात हलवले. १८१८ मध्ये न्यूयॉर्कच्या एका न्यायालयात व्हेलचे तेल हे माशाचे तेल धरून त्याची तपासणी व शुल्क लागू करावे की नाही, असा खटला चालला. ज्यूरीने व्हेल मासाच आहे, असा निर्णय दिला. शास्त्रातील दुरुस्ती व्यवहारातील शब्दापर्यंत पोहोचण्यास किती काळ लागतो, याचे हे उत्तम उदाहरण होय.

व्हेल आणि मासा यांतील फरक दूरवरूनही दिसतो. माशाचा शेपटीचा पर उभा असतो व तो डावीकडे-उजवीकडे हलतो. व्हेल व डॉल्फिन यांची शेपटी आडवी असते व ती वर-खाली हलते. याच खुणेने व्हेल शार्क हा नावात व्हेल असूनही मासा ठरतो : त्याची शेपटी उभी आहे आणि कल्ल्यांच्या पाच फटी स्पष्ट दिसतात. जगातील सर्वांत मोठा मासा तो हाच. भारतात त्याला २००१ पासून पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे.

नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर व्हेलचे एक पिल्लू अडकले. त्याला वाचवण्यासाठी ग्रामस्थांनी व शासकीय यंत्रणांनी शर्थ केली. पण ते दगावले. अशा वेळी प्राण्याचा गट माहीत असणे का महत्त्वाचे, हे पाहा. पाण्याबाहेर मासा गुदमरतो. व्हेल फुप्फुसांनी हवाच घेते. किनाऱ्यावर ती गुदमरत नाही, तर स्वतःच्या वजनाखाली दबते आणि तिच्या शरीरातील उष्णता वाढत जाते. म्हणून अंग ओले ठेवावे, पण डोक्यावरील श्वासछिद्रात पाणी किंवा वाळू जाऊ देऊ नये. ते छिद्र बुजले तर ती गुदमरेल. शिवाय पिल्लू दुधावर वाढते, त्यामुळे आईविना समुद्रात परत ढकलले तरी त्याची जगण्याची शक्यता फार थोडी असते. याच कारणाने जाळ्यात अडकलेला डॉल्फिन पाण्यातच मरतो : त्याला वर येऊन श्वास घेता येत नाही. ‘माशाचे पिल्लू’ असे लिहिणारी बातमी हा सारा अर्थ वाचकापासून दूर ठेवते.

३.७ गट ओळखण्याचा क्रम

अपरिचित पृष्ठवंशीय प्राणी समोर आल्यास पुढील प्रश्न याच क्रमाने विचारावेत.

१. पिसे आहेत का? असल्यास पक्षी.
२. केस आहेत का, किंवा पिल्लांना दूध पाजले जाते का? असल्यास सस्तन.
३. कल्ले आणि पर दोन्ही आहेत का? असल्यास मत्स्य.
४. त्वचा कोरडी व खवल्यांची असून श्वसन फुप्फुसांनी होते का? असल्यास सरीसृप.
५. त्वचा ओलसर, नितळ व उघडी आहे का? असल्यास उभयचर.

राहण्याची जागा, आकार, पायांची संख्या, उडणे, पोहणे आणि नाव यांना या क्रमात स्थान नाही, हे आपल्या लक्षात आले असेल.

हे पाच गट अभ्यासासाठी सोयीचे असले, तरी वंशसंबंधांच्या दृष्टीने त्यांच्या सीमा तितक्या सरळ नाहीत. मगर पालीपेक्षा पक्ष्यांना अधिक जवळची आहे, कारण पक्षी हे डायनोसॉरांच्या एका शाखेचे वंशज आहेत. त्यामुळे आजचे अनेक शास्त्रज्ञ पक्ष्यांना सरीसृपांच्या विस्तृत कुळातच धरतात. वर्गीकरण ही वाढत्या ज्ञानाबरोबर दुरुस्त होत जाणारी व्यवस्था आहे.

३.८ लेखकासाठी सूचना

लोकनाम टाळू नये. त्याच्याशेजारी गट सांगावा. ‘देवमासा हा सस्तन प्राणी’ असे एकदा लिहिले की पुढे देवमासा हा रूढ शब्द निःशंक वापरता येतो. अनुवाद करताना इंग्रजी नावातील ‘फिश’ पाहून ‘मासा’ लिहिण्यापूर्वी त्या प्राण्याला कणा व कल्ले आहेत की नाहीत, हे तपासावे. एकच नाव निरनिराळ्या भागांत निरनिराळ्या प्राण्यांना लावले जाते, याचेही भान ठेवावे.

४. सारांश

कणा आणि कवटी असलेले प्राणी ते पृष्ठवंशीय. माशाला कल्ले व पर, उभयचराला ओलसर त्वचा व कवचहीन अंडी, सरीसृपाला कोरडे खवले व कवचयुक्त अंडे, पक्ष्याला पिसे आणि सस्तन प्राण्याला केस व दूध ही ओळख देतात. लोकनामे रूपावरून पडतात, गट लक्षणांवरून ठरतात. दोन्हींचा मान राखून, पण त्यांची गल्लत न करता लिहिणे हे भाषेच्या अभ्यासकाचे काम होय.

५. स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. निवटी चिखलावर चालते, तरी ती उभयचर का नाही?
२. घोणस पिल्लांना जन्म देते, तरी ती सस्तन का नाही?
३. देवगांडूळ आणि साप यांतील बाहेरून दिसणारा मुख्य फरक कोणता?
४. व्हेल आणि व्हेल शार्क यांच्या शेपटीत कोणता फरक असतो?

उत्तरे : १. तिला पर आहेत आणि ती कल्ल्यांच्या पोकळीतील पाणी व ओलसर त्वचा यांच्या साहाय्याने श्वसन करते. २. ती पिल्लांना दूध पाजत नाही आणि तिच्या अंगावर केस नाहीत. ३. देवगांडुळाची त्वचा ओलसर, नितळ व कड्यांची असते. सापाची कोरडी व खवल्यांची. ४. व्हेलची शेपटी आडवी, व्हेल शार्कची उभी.

६. क्षेत्रीय कार्य

आपल्या गावातील वडीलधाऱ्या व्यक्ती, शेतकरी, कोळी किंवा गुराखी यांच्याकडून पृष्ठवंशीय प्राण्यांची वीस स्थानिक नावे मिळवा. प्रत्येक नाव कशावरून पडले असावे, ते लिहा व प्राण्याचा गट वरील क्रमाने ठरवा. जेथे नाव एक सांगते आणि लक्षण दुसरे, तेथे त्या प्राण्याविषयी एक लहान परिच्छेद अशा रीतीने लिहा, की स्थानिक नावही टिकेल आणि वाचकाचा गैरसमजही दूर होईल.